दिलेली फांदी

१

जुलैच्या दुपारी दोन ते चार या वेळात ओमानमधल्या सोहारच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानांची शटरं खाली असतात, गाड्यांच्या काचांना पुठ्ठे लावलेले असतात आणि सगळं गाव एसीच्या घरघरीखाली झोपलेलं असतं. देविकाला ही वेळ आवडायची. ती तिथल्या इंडियन स्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायची, सध्या उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मुलगा चिन्मय पुण्याला हॉस्टेलवर होता. नवरा रविकांत पोलादाच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. पहिली पाळी संपवून तो यायचा, अंघोळ करायचा, जेवायचा, मग दोघं आपापल्या कोपऱ्यात लवंडायची. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि संसारात सांगण्यासारखं काही नसणं हेच सुख, असं देविकाची आई म्हणायची.

त्या दुपारी रविकांत फोनवर बोलत हॉलमधून स्वयंपाकघराकडे येत होता. "अरे, बेअरिंग आज नहीं बदलेगा. कल सुबह, इन्शाल्ला." वाटेत बाल्कनीच्या दाराशी कुंडी होती. कुंडीत रबराच्या झाडाची एक फांदी लावलेली होती आणि तिला फुटलेली बारीक पारंबी खाली लोंबत होती. चालता चालता, बोलणं न थांबवता, तिकडे न बघता रविकांतने डावा हात पुढे केला, पारंबी उचलली, खिडकीच्या गजाला एक वळसा दिला, टोक आधीच्या वळशाखाली खोचलं आणि तो पुढे आला.

"आमटी गरम करतेस ना?" तो म्हणाला.

देविकाच्या हातातला डाव हवेतच राहिला. "हे आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"ती पारंबी."

"कुठली पारंबी?" रविकांतने मागे वळून पाहिलं आणि खरोखरच न कळल्यासारखे खांदे उडवले.

देविकाने ही हालचाल आधी पाहिली होती, अगदी अशीच, बोलता बोलता आणि न बघता. दीड महिन्यापूर्वी मेघालयात, खासी लोकांच्या जिवंत मुळांच्या पुलावर, येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच करत होता. पण रविकांतने ती पाहिली असणं शक्य नव्हतं. गुडघ्यामुळे तो त्या पुलापर्यंत उतरलाच नव्हता.

२

ईदच्या सुट्टीत दोघं मस्कतहून मुंबई, तिथून गुवाहाटी आणि पुढे गाडीने त्या गावात गेली होती. पूल खोल दरीत होता आणि खाली जायला दगडी पायऱ्या होत्या, न संपणाऱ्या. रविकांतचा गुडघा पहिल्याच वळणावर बोलायला लागला. तो परत फिरला आणि होमस्टेच्या व्हरांड्यात चहा पीत बसला. "तू बघून ये, मला फोटो दाखव," म्हणाला, पण चेहरा पडला होता. देविकाला खाली नेलं ते होमस्टेच्या मालकिणीने. तिला सगळे कोंग थ्रीन म्हणायचे. कोंग म्हणजे ताई. साठीची बाई, पानसुपारीने ओठ लाल, आणि पायऱ्या अशा उतरायची की देविकाला स्वतःच्या महागाच्या बुटांची गंमत वाटली.

खाली पोचल्यावर देविकाने पूल पाहिला. वर्गात ती पारंब्यांवर एक तास घ्यायची, फळ्यावर आकृती काढायची. इथे त्याच पारंब्या ओढ्याच्या या काठावरून त्या काठाला गेलेल्या होत्या, एकमेकींत गुंतून जाडजूड झालेल्या, वर शेवाळ, आणि त्यावरून पोरं धावत होती. कोणीतरी आज्या-पणज्यांच्या काळात झाड लावायचं, त्याच्या कोवळ्या पारंब्यांना बांबूवरून पलीकडे न्यायचं, आणि मग जाता-येता प्रत्येकाने सुटी पारंबी दिसली की गुंतवून पुढे जायचं. डोक्याला पट्टा लावून पाठीवर टोपली वाहणारी बाई गुंतवून गेली. चिप्स खाणारी शाळकरी पोरगी गुंतवून गेली. कोणी तिकडे पाहतही नव्हतं.

थोडं खाली, एका चिंचोळ्या नाल्याच्या काठी, कोवळं झाड होतं. त्याच्या एका फांदीची पारंबी बांबूला बांधून पलीकडे सोडलेली होती, निम्म्यापर्यंत पोचलेली.

"ये मेरा माँ लगाया," कोंग थ्रीन म्हणाली. "मैं नहीं चलेगा इस पे. मेरा नातिन का बच्चा चलेगा." आणि ती पुढे निघाली.

देविका मागे राहिली. आता तिच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर ती उगाच चोर वाटेल. परतल्यावर तीनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. सोहारमध्ये वड मिळत नाही. गेल्या वर्षी तिने तिथल्या मराठी मंडळाच्या पूजेला पिंपळाची फांदी नेली, वंश एकच, फायकस, असं समजावूनही सांगितलं. मंडळाच्या मधुवंतीताई म्हणाल्या, "बायोलॉजीच्या बाई ना तुम्ही? पिंपळ पुजून सात जन्म मुंजा मिळायचा हो!" बायका हसून हसून लोळल्या होत्या. तेव्हा हे झाड बघून देविकाला वाटलं, हे वडाच्याच कुळातलं, आणि वर जिवंत पुलाचं. तिने फांदी वाकवली, पर्समधल्या लहान कात्रीने कापली आणि पारंबीसकट बांबूवरून ओढून घेतली. पांढरा चीक तिच्या मनगटावर आला. फांदी बॅगेत कोंबून ती वळली, तर कोंग थ्रीन परत आली होती.

तिने तुटलेली जागा पाहिली, देविकाच्या बॅगेकडे मात्र पाहिलं नाही. नुसता रिकामा बांबू एकदा हाताने पुसला आणि म्हणाली, "टीचर, रात को मछली खाएगा न?"

निघताना तिने दोन्ही हातांनी तेजपानाची पुडी दिली. त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं देविकाला वाटलं. पण विमानतळावर फांदी साडीच्या घडीत लपवताना तिचे हात अगदी नीट चालले.

३

मधुवंतीताईंच्या हॉलमध्ये पूजा झाली. फांदी तांब्याच्या कलशात उभी केली होती आणि नटलेल्या बायका तिला सूत गुंडाळत फिरत होत्या. मोठाली, चकचकीत पानं बघून सगळ्या हरखल्या. मस्कतच्या मंडळाच्या ग्रुपवरही फोटो गेले.

"जिवंत पुलाची फांदी! देविका, कमाल केलीस गं," मधुवंतीताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तोडून नाही ना आणलीस? पाप लागतं म्हणतात."

बायकांना न्यायला आलेले नवरे दाराशी चपला शोधत उभे होते. त्यांत रविकांतही होता.

"छे हो! त्यांनीच दिली," देविका म्हणाली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि असं बघणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. "म्हणाल्या, तुमच्या पूजेला न्या. आणि पुढच्या वेळी साहेबांना घेऊन या, आम्ही वाट बघतो."

"हे तू मला सांगितलंच नाहीस," रविकांत गाडीत म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की देविकाला त्याच्याकडे बघवेना. "मला वाटलं, मी खाली उतरलो नाही म्हणून हसले असतील. वाट बघतो म्हणाल्या?"

"हो."

"किती चांगली माणसं."

त्या रात्री त्याने स्वतः फांदी कुंडीत लावली.

४

आमटीच्या त्या दुपारनंतर देविका लक्ष ठेवू लागली. रविकांत दर खेपेला गुंतवत होता आणि विचारलं की त्याला आठवत नव्हतं. सवय लागली असेल, तिने स्वतःला समजावलं. मी पुलाचे व्हिडिओ दाखवले होते, त्यातलं काही डोक्यात बसलं असेल. डोकं विचित्र गोष्टी जपून ठेवतं.

मग झैन आला. एसी दुरुस्त करणारा, लाहोरचा, बडबड्या. बेडरूममधला एसी बघून तो हात पुसत बाहेर आला. "भाभीजी, गैस खलास है, और कुछ नहीं," असं म्हणत कुंडीपाशी पोचला, पारंबी उचलली, वळसा दिला, खोचली आणि दाराबाहेर गेला. देविकाने त्याला व्हिडिओ दाखवले नव्हते.

जाण्याआधी त्याने आणखी एक सांगितलं होतं. बेडरूमची मागची भिंत ओली आहे. देविकाने हात लावून पाहिला. भिंत गार होती आणि बोटांना बुळबुळीत लागली. "पाइप तो इधर है ही नहीं," झैन म्हणाला होता. त्या भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. तिसरा मजला, खाली वाळू आणि मग कोरडी ठणठणीत वाडी, म्हणजे इथल्या भाषेत ओढ्याचं पात्र, जिच्यात पाऊस पडला तरच पाणी दिसतं.

पारंबी आता खिडकीच्या गजांवरून पडद्याच्या दांडीवर आणि तिथून बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर पोचली होती. तिला बाजूच्या पारंब्या फुटून सगळ्या एकमेकींत विणल्या गेल्या होत्या. झाड इतक्या वेगाने वाढत नाही, हे देविका कोणत्याही परीक्षेत लिहून देऊ शकली असती. एका सकाळी तिने स्वतः एक सुटी पारंबी हातात घेतली, वळसा द्यायचा म्हणून. जमेना. बोटांतून ती नुसती निसटत राहिली. जो येईल त्याला जमत होतं, दूधवाल्याला जमत होतं, आणि हिला नाही. कोणी आपल्यासमोर पान वाढून दुसऱ्याच्या पुढे सरकवावं, तसं तिला झालं. ती खाली बसली आणि चोरासारखी इकडेतिकडे बघून रडली.

५

दुसऱ्या दिवशी तिने मोठी कात्री घेतली. रविकांत हॉलमध्ये पेपर वाचत होता. देविकाने चौकटीवरची पारंबी पकडली आणि पातं टेकवलं. थोडंसंच कापलं असेल. पांढरा चीक आला, आणि हॉलमधून रविकांत ओरडला.

"आई गं! गुडघा!"

ती धावली. तो गुडघा धरून वाकला होता, चेहरा पांढराफटक. तिने परत येऊन कापलेल्या जागेवर बोट दाबून धरलं. चीक थांबला तशी त्याची कळ थांबली. योगायोग, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, म्हणजे स्वतःला तरी पटेल. पण कात्री पुन्हा हातात घेतली नाही.

"गंमत म्हणजे एरवी हल्ली गुडघा दुखतच नाही," रविकांत संध्याकाळी म्हणाला. "पाणी वाहतंय का गं कुठे? बेडरूममध्ये पडलो की ऐकू येतं."

"वरच्यांचा नळ असेल."

"छान वाटतं पण." त्याने तिच्याकडे वळून बघितलं. "देविका, त्यांनी खरंच म्हटलं ना, की वाट बघतात? म्हणजे उगाच कुणाकडे न बोलावता जाणं बरं नाही."

"हो," ती म्हणाली.

रात्री तिने त्याच्या अंगावर हात टाकला. कातडी गार आणि दमट होती, आणि केसांना ओल्या पाचोळ्याचा वास होता. सोहारला महिनोन्महिने पाचोळा भिजत नाही. पारंब्या आता पलंगावरून, त्याच्या बाजूने, ओल्या भिंतीकडे चालल्या होत्या. देविकाला त्याक्षणी कळून चुकलं की हा माणूस कुठेतरी जायला निघाला आहे, आणि जातोय तो तिच्या शब्दावर. तो शब्द तिने मागे घेतला की तो थांबेल. न बोलावता कुणाच्या दारी जाणारा तो नव्हता.

एवढंच करायचं होतं. "मी चोरली," एवढं म्हणायचं. दोन शब्दांत काय ते मागे घेता आलं असतं. तिने त्याच्या पाठीकडे बघत ओठ उघडले आणि मग त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

६

सकाळी तिने कोंग थ्रीनला फोन लावला. आधी तिची माफी मागू, मग रवीला सांगणं सोपं जाईल, असा हिशेब होता.

"हाँ टीचर!" पलीकडचा आवाज हसरा होता. मागे पाणी कोसळत होतं. "साब का घुटना अब ठीक है न?"

रवीचा गुडघा दुखायचा थांबलाय, हे देविकाने तिला कळवलं नव्हतं. "ठीक है," ती म्हणाली. "आपको कैसे..."

"अच्छा, अच्छा. हम लोग भी इस तरफ़ से लगा हुआ है."

"क्या... किस चीज़ में?"

कोंग थ्रीन नुसती हसली, जसं घरच्या माणसाच्या वेड्या प्रश्नाला हसतात. देविकाच्या कानात पाण्याचा आवाज भरला. आणि तो फोनमधून येतोय की मागच्या भिंतीतून, हे तिला सांगता येईना. आता बोल, तिने स्वतःला बजावलं. या बाईला तर सगळं माहीतच आहे. तिच्यासमोर झाकायचं तरी काय उरलंय?

"कोंग, वो डाली... वो जो..." देविका म्हणाली. "वो आपने जो दी थी ना, बहुत अच्छी लग गई है."

"हाँ टीचर," कोंग थ्रीन हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर देविकाला बरं वाटलं असतं. "दिया."

७

त्याच दुपारी मधुवंतीताई आल्या, बरोबर आणखी दोघी. श्रावणातल्या मंगळागौरीच्या पत्रीसाठी ती पानं चालतील का ते बघायचं होतं. कुंडीपाशी उभ्या राहून त्यांनी बोलता बोलता एक पारंबी गुंतवली, बाकीच्या दोघींनीही. "काय गं, किती वाढलंय! घराला मानवलं," त्या म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या. दारावरून, भिंतीवरून, छताखालून हाताएवढ्या जाड मुळ्या गेल्या होत्या आणि त्या तिघींना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

देविकाने चहाचं आधण ठेवलं होतं. या गेल्या की सांगते, तिने ठरवलं होतं. अगदी शपथेवर ठरवलं होतं.

बेडरूमचं दार उघडलं आणि रविकांत बाहेर आला. स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, पायांत काही नाही. पाहुण्यांना नमस्कार करून तो देविकाकडे वळला. लग्नाच्या आधी तिला भेटायला यायचा तेव्हा जसा लाजरा, खूश चेहरा असायचा, तसा होता.

"देविका, एकदाच नीट सांग. म्हणजे मला अवघडल्यासारखं होणार नाही. ती फांदी त्यांनीच दिली होती ना?"

एसी घरघरत होता आणि त्याखाली पाणी स्पष्ट ऐकू येत होतं. देविकाने तोंड उघडलं. "रवी, मी..."

"अहो, म्हणजे काय रविकांत!" मधुवंतीताई हसल्या. "मी सगळ्या मस्कतला सांगून बसलेय, आमच्या देविकाला आदिवासींनी मानाने दिली म्हणून. मंडळाच्या पुढच्या अंकात फोटो येणारे तिचा. हो की नाही गं?"

तिघी तिच्याकडे बघत होत्या, कौतुकाने. रविकांतही बघत होता. त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं की ती खरं सांगेल. त्याला तिच्याबद्दल कधी दुसरं काही वाटलंच नव्हतं. देविकाच्या मनात गेल्या वर्षीचं ते हसू उसळलं, लोळून लोळून हसणं, आणि त्यानंतर महिनाभर मंडळात मान खाली घालून बसणं.

"हो," ती म्हणाली. "त्यांनीच दिली."

रविकांतने मान हलवली. तिच्या खांद्याला हात लावून तो आत गेला.

चहा उतू जाण्याचा आवाज आला तरी ती जागची हलली नाही. मग धावली ती बेडरूमकडे. दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून तिला दिसलं ते एवढंच: पलंगाच्या वरून गेलेल्या मुळ्या, छतावर हलणारा हिरवा उजेड, आणि चालत जाणारे दोन तळवे, ओले, शेवाळलेले, न लंगडता. त्यापलीकडे, जिथे भिंत असायला हवी होती तिथे, कोणीतरी लाल ओठांनी हसून बाजूला सरकलं, वाट देण्यासाठी. तिने दार ढकललं तेव्हा खोलीत पलंग होता, घडी न मोडलेली चादर होती आणि भिंत होती. मुळ्या भिंतीत शिरल्या होत्या आणि त्यांच्याभोवतीचा गिलावा वर्षानुवर्षांपूर्वीचा असावा तसा घट्ट, कोरडा होता. तिने त्यावर तळहात मारले, नखांनी ओरबाडलं, "चोरली रे, मी चोरली," असं भिंतीला तोंड लावून सांगितलं, अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"देविका!" हॉलमधून मधुवंतीताईंनी हाक मारली. "चहा उतू गेला गं. आणि रविकांत कुठे गेले? चहाला नाही का येत?"

देविकाने चेहरा पुसला, केस सारखे केले आणि बाहेर आली.

"त्याला जरा पडायचंय," ती म्हणाली. "तुम्ही घ्या."

तिने कप भरले, बशीत चिवडा काढला. मधुवंतीताई फोटोत कोणती साडी नेसशील ते विचारत होत्या आणि ती सांगत होती, मोरपिशी. पुढे पोलीस आले, चिन्मय आला, सगळ्यांनी सगळं विचारलं. पण तिला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या अर्ध्या तासाची, कारण त्यात तिचा आवाज एकदाही कापला नव्हता.